अळ्या पोसायला आलेले साहेब

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, बोरगाव मेघेचे सरपंच माननीय बापूराव. नागपूरच्या कार्यालयातून एवढ्या थंडीत जीपनं आलेले सन्माननीय पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते सत्कारमूर्ती श्री. मधुकरराव बांदेकर, त्यांच्या शेजारी ‘मी वर बसत नाई’ म्हणता म्हणता अखेर खुर्चीच्या कडेला टेकलेल्या चतुराबाई तिजारे, समोरच्या रांगेतल्या सौभाग्यवती प्रमिलावहिनी, रेशीम केंद्राचे कर्मचारी, आणि तुतीच्या पाल्यापासून पालकाच्या जुडीपर्यंत सारं पिकवणाऱ्या बोरगावच्या बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘ज्येष्ठ चित्रकार’ अशी करून दिली. ज्येष्ठ आहे, हे माझ्या डोक्याकडे पाहून कुणीही मान्य करील. चित्रकार आहे की नाही, ते मधुकररावांना विचारा. मी देवळीच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक लक्ष्मण नाखले. माझं या केंद्रासाठी काढलेलं पहिलं चित्र त्यांनी नापास केलं होतं. त्याकडे मी येणारच आहे. माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली आहे, ‘दहा मिनिटे’ अशी. अध्यक्षमहाराज, अकरा वर्षं दहा मिनिटांत बसवायची तर थोडं इकडे-तिकडे होईल. सांभाळून घ्यावं.

१९७५ च्या पावसाळ्यानंतर मधुकरराव वर्ध्याच्या स्टेशनावर उतरले. माणूस मूळचा सावंतवाडीकडचा. शिक्षण म्हैसूरचं. बदलीच्या कागदावर लिहिलेलं, ‘वर्धा जिल्ह्यात तुती रेशीमकीटकांचे संगोपन करून पाहावे.’ करून पाहावे! जमेल असं सरकारलाही वाटत नव्हतं, हे त्या दोन शब्दांतच कळतं. ते टांगा करून बोरगावात आले, आणि पहिली भेट झाली ती डोक्यावर मेथीचं गाठोडं घेतलेल्या चतुराबाईंची. या परक्या माणसाला, कशासाठी आलात, हे चतुराबाईंनी अदबीनं विचारलं,

“काऊन आले जी?”

मधुकरराव तितक्याच अदबीनं म्हणाले, “हो, खाऊन आलो.”

हसा, हसा. तेही आज हसताहेत. त्या दिवशी मात्र चतुराबाई घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, “सायेब चांगला दिसते, पन कानानं कमी हाये.” पुढे जवळजवळ महिनाभर सारं बोरगाव मधुकररावांशी ओरडून बोलत होतं, आणि मधुकररावांची समजूत अशी, की इकडची माणसं स्वभावानंच तापट.

ते कशासाठी आले हे कळल्यावर तर गावाची करमणूकच झाली. आपला कापसाचा मुलूख. अळी म्हटली की आपला हात फवारणीच्या पंपाकडे जातो. आणि हा माणूस चांगली ओलिताची जमीन घेऊन तिच्यात झाडं लावतो, त्या झाडांचा कोवळा पाला खुडतो, बारीक चिरतो आणि अळ्यांना खाऊ घालतो. चतुराबाईंचे यजमान रूपराव पाराजवळ सर्वांना सांगत, “आमी जनमभर अळ्या मारून थकलो, आन् हे सायेब त्याइले पोसाले आले. त्याइची आंघोय राह्यली फक्त.” रूपराव मागच्या रांगेत आहेत. रूपराव, हे तुमचंच वाक्य ना? मान हलवताहेत.

आता माझ्या चित्राकडे येतो. केंद्रात शेतकऱ्यांना दाखवायला तक्ते हवे होते. अंडं, अळी, कोष, पतंग. मधुकरराव देवळीला शाळेत आले, मुख्याध्यापकांना भेटले, आणि काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, अळीच काढायची आहे ना? बसल्या बैठकीला काढून दिली. छान गुटगुटीत, हिरवट सावली दिलेली. मधुकररावांनी खिशातून टाचणी काढली आणि तिच्या टोकानं पाय मोजायला लागले.

“लक्ष्मणराव, चौदाच आहेत.”

“मग?”

“सोळा असतात.”

मी म्हटलं, दोन मागच्या बाजूला झाकले गेले असतील. ते मला बोरगावला घेऊन आले, एका सुपापुढे स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, “घाई नाही.” मी तीन दुपारी त्या सुपापुढे बसलो. पुढचे सहा पाय टोकदार, ते पानाची कड धरायला. मागचे दहा गुबगुबीत, ते चिकटून राहायला. अळी कात टाकण्याआधी खाणं सोडते आणि डोकं वर करून अशी थांबते, जणू वर्गात कुणीतरी प्रश्न विचारला आहे आणि तिला उत्तर येत नाही. शिक्षक म्हणून तो चेहरा मी ओळखतो. वीस वर्षं मुलांना ‘नीट पाहून काढा’ म्हणून रागावणारा मी, नीट पाहायला तेव्हा शिकलो. चौथ्या दिवशी तक्ता पास झाला. आजही केंद्राच्या भिंतीवर आहे. पाय मोजून घ्यावेत.

पण मंडळी, तक्त्यावरची अळी उन्हाळ्यात मरत नाही. सुपातली मरते.

वर्ध्याचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू? या किड्याला चोवीस-पंचवीस अंश मानवतात. आपल्याकडे तो आकडा फेब्रुवारीतच निरोप घेतो. केंद्राची इमारत विटांची, वर टिनाचं छप्पर. शहात्तरच्या मेमध्ये सगळ्या अळ्या गेल्या. सत्त्याहत्तरला गेल्या. अठ्ठ्याहत्तरला गेल्या. मग वरून पत्र आलं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात समिती पाहणीला येईल. त्या उन्हाळ्याचं पीक दिसलं तर ठीक, नाहीतर केंद्र बंद. पाला खुडणाऱ्या, सुपं झाडणाऱ्या आपल्या गावच्या चौदा बाया तिथं कामाला होत्या. त्यांत चतुराबाई होत्या.

एप्रिलच्या विसाव्या तारखेला अंडी फुटली. चतुराबाईंनी टिनाखाली उभं राहून एकदा वर पाहिलं, एकदा सुपात पाहिलं आणि म्हणाल्या,

“सायेब, हितं मानूस शिजून राह्यला, तं अळी काय जगन? मले द्या थोड्या. माह्या घरी ठेवतो.”

“तुमच्या घरी? नियमात नाही हो.”

“नियमात मराचं लिवलं हाये का?”

मधुकररावांनी त्यांना एक सूप दिलं. पाचशे अळ्या. सरकारी अळी खाजगी घरात! हा गुन्हा घडला तेव्हा मी साक्षीला हजर होतो. शाळेला सुट्टी होती, आणि मधुकररावांनी मला गळ घातली होती, की अळीचं रोजचं चित्र काढा, मापासहित. म्हणून मी रोज देवळीहून एसटीनं वर्ध्याला यायचो, तिथून इकडे चालत.

चतुराबाईंचं घर मातीच्या जाड भिंतीचं. त्यात मागच्या बाजूला एक अंधारी खोली. बाजाराच्या आदल्या दिवशी खुडलेली भाजी, पालक, सांबाराच्या, म्हणजे साहेबांच्या भाषेत कोथिंबिरीच्या, जुड्या त्या तिथं ठेवत. खिडकीला ओलं पोतं, दाराला ओलं पोतं, खाली सारवलेली जमीन, कोपऱ्यात पाण्याचे दोन माठ. ज्या बाईला सांबार दोन दिवस ताजा ठेवता येतो, तिला उकाड्याशी कसं वागायचं हे कुणी शिकवायचं? मुंग्या चढू नयेत म्हणून सूप ठेवलेल्या घडवंचीचे चारी पाय पाण्याच्या वाटग्यांत. मधुकररावांनी तिथं एक तापमापक टांगला. मी रोज दुपारी दोन वाजता आकडा लिहायचो. बाहेर पंचेचाळीस, आत एकतीस. बाहेर सेहेचाळीस, आत एकतीस. मला वाटलं तापमापक बिघडला.

या अळीला तंबाखूचा वासही सोसत नाही. त्यामुळे रूपरावांना घरात बिडी बंद झाली. पुढे चतुराबाईंना त्यांच्या अंगाचाच वास येऊ लागला, तेव्हा रूपरावांची बाज निंबाखाली गेली. मी चित्रांची वही घेऊन आत जाताना ते मला म्हणत, “मास्तर, आत गेले तं इचारून पाहाजो, मले कवा घरात घेते थे.”

सात मेला केंद्रातल्या अळ्या गेल्या. सगळ्या. मी दुपारी पोहोचलो तेव्हा बाया सुपं रिकामी करत होत्या. मधुकरराव पायरीवर उन्हात बसले होते. डोक्यावर काही नाही. मला म्हणाले, “झालं, लक्ष्मणराव.” मी त्यांच्याशेजारी बसलो.  थोड्या वेळानं चतुराबाई आल्या आणि दोघांच्याही अंगावर ओरडल्या,

“उनात बसून काय करून राह्यले? उठा, पाला चिरा. माह्यावाल्या उपाशी हायेत.”

त्यांच्या चारशे अकरा अळ्या जगल्या होत्या. त्या दिवशी सरकारी विळीवर एका शास्त्रज्ञानं आणि एका ड्रॉईंग मास्तरानं पाला चिरला. दोघांनीही जाड चिरला म्हणून बोलणीही खाल्ली.

अठरा मेपर्यंत अळ्यांनी कोष विणले. पांढरट पिवळे, बोटाच्या पेराएवढे. समिती एकवीसला यायची होती. मधुकरराव इतके आनंदात होते, की येताना चतुराबाईंकरता प्रमिलावहिनींच्या हातचे घावन घेऊन आले. आणि सहजपणे म्हणाले, “आता कोष द्या. वाफेवर ठेवायला हवेत.”

“वाफेवर? काऊन?”

या वेळी त्यांना ‘काऊन’ नीट ऐकू आलं. ते म्हणाले, “आत पतंग तयार होतो आहे. तो कोष फोडून बाहेर आला की धागा तुटतो. म्हणून त्याआधी वाफ द्यायची.”

“मंग आतल्याचं काय होते?”

मधुकरराव म्हणाले, “मरतो.”

चतुराबाईंनी घावनाचं ताट बाजूला ठेवलं.

“सायेब, महिनाभर मी धन्याले घराबाहेर काहाडलं. माहेरी लग्न होतं, गेली नाई. थे याच्यासाठी? उकडाचंच होतं तं त्या टिनाखाली उकडले असतेच की.”

“चतुराबाई, कोष दिसले नाहीत तर केंद्र बंद होईल. तुमचंही काम जाईल.”

“जाऊ द्या. मी भाजी विकन. तुमाले बी शिकवन.”

मंडळी, अळ्या सरकारी होत्या. कोष सरकारी होते. मधुकररावांनी ते उचलून नेले असते तर कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं. ते घडवंचीपाशी गेले. मग खाली बसले, पाणी मागितलं, रजिस्टर उघडलं आणि माझ्यासमोर लिहिलं, ‘कोषांना वाफ दिली नाही. संगोपन करणाऱ्या बाईंचा नकार.’ खाली सही. परतताना रस्त्यात मला म्हणाले, “लक्ष्मणराव, म्हैसूरला शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. तिला देण्यासारखं उत्तर त्यात नाही.”

एकवीसला समिती आलीच नाही. तार आली, नवी तारीख नऊ जून. तोवर पतंग बाहेर आले. चारशे पतंग त्या अंधाऱ्या खोलीत फडफडत होते. त्यांना तोंड असतं, पण ते खात नाहीत. चतुराबाईंना याचं फार वाईट वाटे. “चार दिवसाचे पाव्हने, आन् पानी बी पीत नाई,” म्हणायच्या. माद्यांनी कागदावर अंडी घातली, खसखशीसारखी. आणि नऊ जूनला सकाळी समितीची जीप चतुराबाईंच्या दारात उभी राहिली.

तिघे होते. प्रमुख वयस्कर, कडक. त्यांनी भोकं पडलेल्या कोषांची टोपली पाहिली. “बांदेकर, हे काय? हे सगळं वाया गेलं. एक धागा निघणार नाही.” मधुकरराव म्हणाले, “नाही निघणार, सर.” “आणि केंद्रातलं पीक?” “मेलं, सर.” “मग आम्ही पाहायचं काय?”

तेवढ्यात आतून चतुराबाईंची हाक आली, “सायेब, पाला आना लवकर. निंगून राह्यल्या.”

ते प्रमुख वाकून त्या खोलीत शिरले. अंड्यांच्या कागदावर काळ्या केसांसारखं काहीतरी हलत होतं. शेकडो. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि कोट-पँटसकट सारवलेल्या जमिनीवर बसले.  मग विचारलं, “बाई, ही अंडी फुटली कशी?”

“कशी म्हंजे? अंडं हाये थे. फुटनच.”

मधुकररावांनी मग आम्हाला समजावून सांगितलं. कडक उन्हाळ्यात अळी कशीबशी जगली, तरी पतंग बहुतेक वांझ निघतो. अंडी घालतो, ती फुटत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात बियाणं, म्हणजे ही अंडी, बाहेरून आणावं लागे आणि तेही वाटेत मरे. इथं वर्ध्याच्या मेमध्ये वाढलेल्या किड्यांची पुढची पिढी डोळ्यांदेखत बाहेर पडत होती. वाफ दिली असती, तर हे कुणाला कधी कळलं असतं?

प्रमुखांनी माझी वही चाळली, तापमापकाचे आकडे पाहिले आणि विचारलं, “हे संशोधन कुणाचं?” मधुकररावांनी बोट दाखवलं. चतुराबाई पदर खोचून पाला पसरत होत्या. प्रमुख हसले. मधुकरराव हसले नाहीत.

केंद्र वाचलं. कोष वाफेवर ठेवावेच लागतात, ते आजही ठेवले जातात. मी काही लपवत नाही. पण चतुराबाईंकडे तेव्हापासून फक्त बियाण्याचे कोष असतात, ज्यांतून पतंग बाहेर यायचाच असतो. दोघांनाही पटेल असा तोडगा त्यांनी आपसांत काढला.

आता एक गोष्ट सांगतो, जी मधुकररावांनी सांगू नका म्हणून बजावलं आहे. साहेब, आज तुम्ही सत्कारमूर्ती आहात, तुमचं काही चालणार नाही.

त्या उन्हाळ्याचा अहवाल तयार झाला. मुखपृष्ठाची अक्षरं मी काढली. खाली दोन नावं: मधुकर बांदेकर, चतुराबाई तिजारे. अहवाल परत आला. शेरा होता, ‘दुसऱ्या व्यक्तीचे शिक्षण व हुद्दा काय? नाव वगळावे.’ मधुकरराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, “नवं मुखपृष्ठ काढा.” मी विचारलं, “एका नावाचं?” म्हणाले, “नाही, तसंच. आधीच्यावर शेरा पडलाय ना, खराब झालंय.” असं तीन वेळा झालं. मी तीच दोन नावं तीन वेळा काढली. ऐंशी साली बढतीची यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. एक्क्याऐंशीलाही नव्हतं. या दोन गोष्टींचा संबंध मी जोडत नाही. मी चित्रकलेचा शिक्षक आहे. मी फक्त दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवतो. आजच्या पाहुण्यांनी मनाला लावून घेऊ नये, तेव्हा ते तिथं नव्हते.

अखेर ब्याऐंशीला अहवाल छापून आला, दोन्ही नावांनी. आम्ही गठ्ठा सोडला आणि पाहतो तर काय, छापलेलं ‘चतुरबाई’. काना उडाला! मी म्हटलं, जाऊ द्या, एवढी वर्षं भांडलात. त्यांनी बारीक टोकाचं पेन काढलं, मला दुसरं दिलं, आणि आम्ही दोघांनी दोनशे प्रतींवर दोनशे काने काढले. माझे काने सरळ आहेत. त्यांचे थोडे तिरके आहेत. कुणाकडे प्रत असेल तर ओळखून पाहा.

बढतीचं पत्र आलं ते याच महिन्याच्या बारा तारखेला. आज एकतीस, त्यांच्या निवृत्तीचा दिवस. म्हणजे मधुकरराव एकोणीस दिवस मोठे साहेब होते. वहिनी म्हणाल्या, नव्या हुद्द्याची पाटी रंगवायलाच आठवडा लागेल, राहू द्या. त्या एकोणीस दिवसांत त्यांनी आपल्या अधिकारात एकाच आदेशावर सही केली. श्रीमती चतुराबाई रूपराव तिजारे यांची केंद्रात प्रशिक्षक म्हणून नेमणूक. त्यात शैक्षणिक पात्रतेचा रकाना आहे. तो रिकामा ठेवून चालत नाही. तिथं त्यांनी लिहिलं आहे: ‘उन्हाळा १९७९, राहत्या घरी.’

परवा त्यांनी तो आदेश चतुराबाईंना वाचून दाखवला. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, “म्हंजे आता मले शिकवा लागन?”

“हो.”

“कोनाले?”

“जे शिकायला येतील त्यांना.”

चतुराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुमी आता रिकामेच हाये ना जी? मंग सोमवारी येजा. पाला लय जाड चिरता तुमी, पयल्यापासून.”

वहिनींनी रविवारची गाडी ठरवली होती. सामान बांधून झालं होतं, गावात निरोपाची जेवणंही झाली होती. काल मी भेटायला गेलो तर वहिनी पेटी उघडून भांडी परत मांडत होत्या. म्हणाल्या, “एक पीक होईपर्यंत थांबायचं ठरलंय. पंचवीस दिवस.” तेव्हा मंडळी, आपण आज ज्यांना निरोप देतो आहोत, ते सोमवारी सकाळी आठ वाजता पहिल्या तुकडीत हजर असतील. प्रशिक्षणार्थींच्या यादीत त्यांचं नाव एक नंबरला आहे. दोन नंबरला माझं आहे.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या ग्रामपंचायतीचे, ज्यांच्या शाळेत आपण बसलो त्या शिक्षकांचे, आणि एवढा वेळ मनापासून ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सर्वांचे मी आभार मानतो. बोलण्याच्या भरात कुणाच्या मानात उणंअधिक झालं असेल, दहा मिनिटांची मर्यादा तर मी केव्हाच ओलांडली आहे, तर आपलाच मास्तर म्हणून पोटात घालावं. चतुराबाईंनी मला मघापासून दोनदा खुणावलं आहे. सोमवारपासून त्यांच्या वर्गात बसायचं आहे, त्यामुळे आजच त्यांचं न ऐकण्याची माझी हिंमत नाही.

नमस्कार.